आतून उघडणारं दार

२ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

तुझं कार्ड परवा मिळालं. "घरात जागा नाही" एवढे तीन शब्द आणि खाली सही. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं, मागची बाजूही पाहिली. मागे पत्ता होता, तोही तुझ्याच अक्षरात, म्हणून तोही वाचला.

फोन तू उचलत नाहीस, त्याची तक्रार नाही. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी आम्हाला पत्र लिहायला शिकवलं, समास सोडून, खाडाखोड न करता. फोनवर काय, माणूस काहीही बोलून जातं.

आत्याने सगळं सांगितलं. बावीस एप्रिलला तुझा खुब्याचा सांधा बदलणार. मग सहा आठवडे वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, स्वतःचे मोजेसुद्धा घालायचे नाहीत. आत्या म्हणते, शेजारीण बघणार आहे. बघेल गं, पण रोज सकाळी येऊन मोजे चढवून देईल का? तुला ती शिवणीची रेघ बोटांवर आलेली चालत नाही. शेजारणीला हे कुठून माहीत असणार?

जागेचं म्हणशील तर मी तोडगा काढलाय. बाबांचा सामानाचा ट्रेलर अजून अंगणात उभा आहे. तुला आठवत असेल, चाकांवरचा पांढरा पत्र्याचा डबा, त्यातून तुमच्या शाळेच्या नाटकाचे पडदे नेले होते. दहा फूट लांब, आत साडेपाच फूट रुंद, आणि बाबांचं डोकं टेकत नाही इतका उंच. त्यात आम्ही राहायची सोय करतोय. दोन माणसांचं अंथरूण, एक शेगडी, एक बेसिन, संपलं. तुझ्या फाटकाच्या आत म्हणशील तर आत, बाहेर म्हणशील तर बाहेर उभे राहू. मी सकाळी येईन, मोजे घालून देईन, परत जाईन. जागा नाही म्हणालीस, म्हणून आम्ही जागा बरोबर घेऊन येतोय.

हे बाबांना सांगितलं तर ते पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "तिने जागा नाही म्हटलं, म्हणजे काय म्हटलं ते कळलं ना तुला?"

"मला वाचता येतं."

"वाचता येतं गं. पण तू कायम तुला हवं तेच वाचतेस."

मग पाच मिनिटांनी उठले, टेप घेतली आणि अंगणात गेले.

त्या जुन्या दिवसाविषयी मी काही लिहिणार नाही. तुला त्रास होतो, आणि मलाही. फक्त बाबा थकलेत आता, एवढं लक्षात घे.

तुझी,
आई

१६ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

उत्तर नाही आलं. टपालाचा गोंधळ असेल. इथे पोस्टमन बदललाय, नवा माणूस पत्रं शेजारच्यांच्या पेटीत टाकतो. मी रोज त्यांच्याकडे जाऊन विचारते. आता ते मला बघून लांबूनच हात हलवतात, नाही म्हणून.

काम सुरू झालंय. पत्र्याच्या आतून लाकडी पट्ट्या ठोकल्या, मधे थर्माकोलच्या पाट्या बसवल्या, वरून पातळ प्लायवूड. मला वारा, पाणी, धूळ, झुरळ यातलं काही आत यायला नको होतं, म्हणून मी प्रत्येक भोक शोधून शोधून सीलंटने बुजवलं. खालच्या फटी, दिव्याच्या वायरीचं भोक, अगदी छतावरची झडपसुद्धा. मग एका दुपारी आम्ही दोघं आत बसून चहा केला. अर्ध्या तासात भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. बाबांच्या चष्म्यावर वाफ, माझ्या डोक्यात ठणका.

समोरची वेल्डरबाई पाहायला आली होती. तू गेल्यानंतर ती इथे राहायला आली. रुंद खांद्यांची, तोंडाने फटकळ, मनाने बरी. दारातून डोकावली आणि म्हणाली, "मावशी, राहायला घर करताय की माशांचा डबा? दोन माणसं रात्रभर श्वास सोडणार, तो जाणार कुठे?"

"हवा लागू नये म्हणून केलं हो."

"हवा लागली तर माणूस शिंकतो. नाही लागली तर काय होतं, ते सांगू का?"

सगळं सीलंट पुन्हा खरवडून काढलं. बाबा नुसतं पातं हातात देत राहिले. आता छतावर झरोका बसवलाय, पंख्यासकट, आणि बाजूला एक खिडकी कापून घेतलीय. तुला हसू येईल. तुझ्या लहानपणी मी तुझ्या खोलीची खिडकी कशी बंद ठेवायचे, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

त्या ट्रेलरचं दार मागे आहे, दोन फळ्यांचं, आणि बाहेरून एक लांब लोखंडी दांडा पडतो. बाहेरूनच. आतून उघडायची काहीच सोय नाही. वेल्डरबाईने ते पाहून कपाळावर हात मारला. "आतून उघडत नाही तो डबा सामानाचा असतो मावशी, माणसांचा नसतो. हे आधी करून घ्या." मी म्हटलं, करू, आधी पलंग होऊ दे.

बाबांची ती सवय अजून तशीच आहे बरं का. चाळीस वर्षं गोदामात काढली, जाता-येता दिसेल त्या दाराची कडी लावून टाकायची. आजीला बाथरूममध्ये कोंडलं होतं, आठवतं? आणि तुझ्या मामाला फराळासकट कोठीच्या खोलीत! हात आपोआप जातो त्यांचा, त्यात मन नसतं.

असो.

तुझी,
आई

४ मार्च

प्रिय टिटवे,

उत्तराची वाट पाहत नाही असं म्हणणार नाही. पाहते. पण तू "येऊ नका" असंही लिहिलेलं नाहीस, हे मी धरून बसले आहे.

पलंग झाला. तू विचारशील (नाही विचारणार, पण तरी सांगते) की तो इतका उंच का. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुडघ्याच्या उंचीपेक्षा खाली बसायचं नसतं, डॉक्टरच्या पुस्तिकेत वाचलं. म्हणून मी पलंगाची उंची एकवीस इंच ठेवायला लावली. म्हणजे कधी तुला वाटलं, आत येऊन बसावं, तर बसता येईल. बाबांचे पाय लोंबकळतात त्यावर, शाळेतल्या मुलासारखे. म्हणतात, "माझ्यासाठी एक शिडीपण करा."

पडदे तुझ्या खोलीतले आहेत, निळे. फिके पडलेत, पण शिलाई पक्की आहे. शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, उलट्या बाजूने बघितलं की बाई कशी आहे ते कळतं. मी उलटी बाजू तपासली. ठीक आहे.

सामान कुठे ठेवायचं यावर आमचं भांडण झालं. मी पाण्याची टाकी मागे ठेवली होती, बेसिनजवळ. बाबा म्हणाले, "मागे वजन गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. मग गाडी तो चालवतो, आपण नाही. साठ पुढे, चाळीस मागे." सगळं उचलून पुढे नेलं. माझी भांडी मागे गेली.

गाडी मी चालवणार आहे. त्यांना आता ऐकू कमी येतं, हॉर्न कळत नाही. ट्रेलर मागे घेणं हे एक मोठं दिव्य आहे बघ. डावीकडे न्यायचा तर चाक उजवीकडे फिरवायचं. रविवारी बाजार बंद असतो, तिथल्या मोकळ्या जागेत मी सराव करते. बाबा मागे उभे राहून हात दाखवतात आणि ओरडतात, "उलट! उलट! अगं, तुझ्या मनात येईल त्याच्या उलट!" काल एका खांबाला घासला. खांब ठीक आहे.

रोज मनात येतं, तुझ्या फाटकातून हा आत जाईल का? गल्ली किती रुंद आहे? तू काहीच सांगत नाहीस. चक्रासारखं फिरतं डोक्यात, जेवताना, न्हाताना. फाटक अरुंद असेल तर आम्ही गावाबाहेर पेट्रोल पंपावर थांबू, मग मी सकाळी बस पकडून येईन, मग बस उशिरा आली तर तू अनवाणी बसून राहशील. बघ, कुठून कुठे जाते मी.

आणि एक. तू बाबांना कधी एक ओळ लिहिलीस तर. नाही, जाऊ दे. त्या सकाळी मी पाव आणायला गेले नसते तर काहीच झालं नसतं, एवढंच मी नेहमी म्हणत आले आहे.

तुझी,
आई

१९ मार्च

टिटवे,

हे पत्र मी पुन्हा उतरवून काढणार नाही. खाडाखोड राहू दे.

परवा दुपारी मी ट्रेलरमध्ये पलंगाखालच्या कप्प्याला बिजागरी लावत होते. दार लोटलेलं होतं. बाबांनी कानातलं यंत्र काढून घराच्या खिडकीत ठेवलं होतं, ड्रिलचा आवाज सहन होत नाही म्हणून. ते बागेत पाणी घालायला निघाले, वाटेत ट्रेलर लागला, हात वर गेला, दांडा पडला. मी आवाज ऐकला. खट्.

आधी हसले. मग हाक मारली. मग दार वाजवलं. मग जोरात वाजवलं. खिडकीतून ते दिसत होते, पाठमोरे, दहा पावलांवर, नळी हातात घेऊन उभे. मी त्यांच्या नावाने ओरडत होते आणि ते झाडाला पाणी घालत होते. बाहेर माणूस आहे, आणि येत नाही. हे आतून कसं असतं ते मला कळलं.

खिडकीतून उतरावं असंही मनात आलं. खाली पाहिलं. चार फूट. तेवढंही धाडस झालं नाही. तुझी खिडकी अकरा फुटांवर होती.

टिटवे, तुझ्या दाराची कडी बाबांनी लावली नव्हती. मी लावली होती.

आदल्या रात्री जेवताना ते म्हणाले होते ना, "जहाजबिहाज काही नको," ते तेवढ्यापुरतं होतं. झोपायच्या आधी त्यांनीच तुझ्या बॅगेचा तुटलेला बंद शिवून ठेवला, तुला सांगितलंही नाही. सकाळी साडेपाचला ते कामावर गेले. सहाला मी वर आले. तू झोपली होतीस, बूट दाराशी जोडीने ठेवलेले. समुद्राची खोली मोजायला जाणार होतीस, सहा महिने पाण्यावर. मला पोहता येत नाही, पाणी बघवत नाही, आणि तू तर... मला भीती वाटली. यापलीकडे कारण नाही. मला तुझं काही मोडायचं नव्हतं, फक्त साडेसातची बस चुकवायची होती. एक बस.

आणि मी पाव आणायला गेलेच नव्हते. मी जिन्यात बसले होते. खालून पाचव्या पायरीवर. तू आधी हसून हाक मारलीस. मग दार वाजवलंस. मग "आई, उघड ना गं" म्हणालीस. मी कानावर हात ठेवले नाहीत, ऐकत राहिले. मग वाजवणं थांबलं आणि मला वाटलं, पटलं हिला. मग मागच्या बाजूला आवाज झाला.

दवाखान्यात तू विचारलंस, "कडी कुणी लावली?" तेव्हा मी म्हणाले, "बाबांचा हात आहे तो, सवयीचा." तू म्हणालीस, "सवय नाही, ठरवून केलंय." मी गप्प बसले. ते दाराशी उभे होते, त्यांनीही ऐकलं. एकोणीस वर्षं मी तुझी दोन-दोन ओळींची कार्डं कपाटात जपून ठेवते, आणि मी ते कपाट उघडलं की बाबा खोलीतून बाहेर जातात.

परवा त्यांनी दार उघडलं तेव्हा तासभर होऊन गेला होता. मला रडताना पाहून घाबरले. "अगं, लागलं का कुठे? मी मेलो, माझा हातच तोडून टाकायला हवा!" त्यांना ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागलं. भर अंगणात, भर दुपारी ओरडून सांगितलं, "त्या दिवशी कडी मी लावली होती!"

ते ट्रेलरच्या पायरीवर बसले. म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?"

"मी कडी लावली तर तिच्यात खुंटी घालतोच. चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. दुपारी दवाखान्यातून कपडे न्यायला आलो, तेव्हा वर जाऊन पाहिलं. कडी लावलेलीच होती, पण खुंटी नुसती लोंबत होती."

"मग बोलला का नाहीत? एकोणीस वर्षं?"

त्यांनी दांड्याची खुंटी काढून हातात घेतली होती, ती फिरवत राहिले. "तिला एकाशी तरी बोलता यायला हवं होतं. दोघांवर रागावली असती तर कुणाकडे पाहिलं असतं तिने? आणि मी तसाही कमी बोलतो. मला जमलं असतं, तुला नसतं जमलं."

म्हणतात, लिहू नकोस. ऑपरेशन तोंडावर आलंय, तिचं मन शांत हवं. म्हणतात, इतकी वर्षं गेली, मला आता त्याचं काही नाही. खरं सांगू, मलाही वाटलं, नको लिहायला. आणि ते तुझ्या काळजीने वाटलं की माझ्या, हे मी ठरवू शकले नाही, म्हणून लिहिलं. जो सांधा बदलणार आहेत तो त्या दिवशी मोडला होता. तो मी मोडला.

माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल.

आई

२ एप्रिल

प्रिय टिटवे,

पत्र पोचल्याचं आत्याकडून कळलं. ती म्हणाली, तू वाचलंस, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नकाशे लावत बसलीस. ऑफिसात उभं राहावं लागत नाही ना फार? आत्याने फोन लवकर ठेवला. तिलाही कळलंय, तिचा भाऊच आहे तो.

वेल्डरबाईने काल दांडा कापून काढला. ठिणग्या उडताना बाबा बघत होते, चाळीस वर्षांचा मित्र गेल्यासारखे. आता दाराला आतून मूठ आहे. बाहेरून कुलूप लावलं तरी आतली मूठ फिरवली की उघडतं. मी तीनदा आत जाऊन करून पाहिलं. वेल्डरबाई म्हणाली, "मावशी, सारखं सारखं काय बघताय? उघडतंय की!" तिला काय सांगणार.

बाबा आता दाराजवळून जाताना हात उचलतात आणि तिथे काही सापडत नाही. हात तसाच हवेत राहतो.

काम संपलं आहे. करायला काही उरलं नाही, हे वाईट. मी गादीची खोळ काढते आणि पुन्हा घालते, कोपरे सिस्टरनी शिकवले तसे, पाकिटासारखे दुमडून. आज तीन वेळा केलं. बावीस तारखेला वीस दिवस राहिले. न बोलावता यायचं की नाही, मला ठरवता येत नाही. पूर्वी मी पटकन ठरवायचे.

आई

१३ एप्रिल

प्रिय टिटवे,

पोस्टमनने पाकीट पुन्हा शेजारीच टाकलं होतं. शेजारी स्वतः घेऊन आले, धावत. त्यांनाही आता ठाऊक झालंय आम्ही कशाची वाट पाहतो ते.

पाकिटावर बाबांचं नाव होतं. मी उघडलं नाही. ते दाढी करत होते, अर्ध्या चेहऱ्याला साबण. तसेच पुढे आले, ओल्या हातांनी फोडलं, आणि वाचून मला दिलं. माझ्या हातात द्यायचं की नाही, याचा क्षणभर विचार केला, तो मला दिसला.

तू लिहिलंयस, "बाबा, तुमच्यासाठी घरात खोली आहे. बॅगेचा बंद अजून तुटलेला नाही." मग एक ओळ मोकळी सोडलीस. आणि खाली, "फाटक साडेसात फूट आहे. आत उतार आहे, चाकांना ठोकळे लागतील."

माझं नाव नाही. मी मागची बाजूही पाहिली, सवयीने.

बाबा उरलेली दाढी करायची विसरले. दिवसभर अर्ध्या गालाने फिरले. संध्याकाळी म्हणाले, "मी तिथे एकटा नाही राहणार, तू ट्रेलरमध्ये आणि मी खोलीत, असं कुठे असतं का?" मी म्हटलं, असतं. तिने खोली तुम्हाला दिली आहे, तुम्ही खोलीत राहायचं. एकोणीस वर्षांनी बोलावतेय तुम्हाला. तिथे जाऊन माझी वकिली करायची नाही, अजिबात नाही. ते म्हणाले, "मी कधी केली?"

आम्ही अठराला निघतो. मी सावकाश चालवेन. ठोकळे त्यांनी आजच करून ठेवले, चार, सागाचे, उताराला कापलेले. मी ट्रेलरच्या आतच राहीन. पाणी, शेगडी, सगळं आहे माझ्याकडे. तुझ्या दाराला मी हात लावणार नाही. मोजे बाबा घालून देतील, त्यांना मी रेघेचं शिकवलंय, स्वतःच्या पायावर सराव करून घेतलाय. आणि एकवीस इंचांचा पलंग आहेच. कधी यावंसं वाटलं तर वाजव. नाही वाटलं तरी ठीक. मी दार नुसतं लोटून ठेवेन.

एकच विचारते आणि थांबते. ते फाटक तू मोजलंस, त्या पायाने बाहेर जाऊन, वाकून, टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं? आत्याला विचारलं, ती म्हणाली, कुणीच नाही, एक टोक दगडाखाली ठेवलं असेल.

ट्रेलर चाकांवरच्या पत्र्यासकट सहा फूट आठ इंच आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच उरतात. मला तेवढे पुरे.

आई